भात्याचा कॅमेरा

नवरा रजेवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत माझ्यासाठी लुगडं असेल, असं मला वाटलं होतं. लुगडं होतंच, पण त्याच्या घडीत गुंडाळून त्यानं एक कातडी पेटी आणली होती. नवऱ्याला मी तोंडावर 'आवं' म्हणत असे. लिहिताना 'तो' लिहिते. त्याला ते चाललं असतं.

तो पलटणीच्या वर्कशॉपात मोटारी दुरुस्त करायचा. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या सार्जंटानं जाताना आपलं सामान विकायला काढलं, त्यात हा कॅमेरा होता. सार्जंटानंही तो आणखी कुणाकडून घेतलेला. कातडं कोपऱ्यांवर झिजून पांढरं पडलं होतं आणि पेटीच्या झाकणावर कुणाची तरी दोन इंग्रजी अक्षरं खरवडून पुसलेली होती. वरचं बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडायचं आणि लोहाराच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा काळा भाता काच घेऊन बाहेर सरकायचा. आमची मुलगी तेव्हा रांगत होती. भाता पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा ती घाबरून रडली आणि नंतर तो मिटला म्हणून रडली.

"तुला येतं काय हे?" जाऊबाईनं त्याला विचारलं.

"दोन रोल घातले. दोन्ही वाया गेले," तो म्हणाला. "मोटारीचं इंजिन बरं, वहिनी. बिघडलं तर आवाज तरी करतं."

रजा संपली. आदल्या दिवशी त्यानं उरलेला एक रोल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू सातवी शिकलीयस. ह्याच्याशी जमवून घे. तुझा आन पोरीचा फोटू काढून धाड. मी परत येईस्तवर ती चालाय लागंल. तिचं रांगणं मला बघायचंय."

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. तो गेल्यावर मामंजींनी पेटी मागून घेतली, उघडून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "माळ्यावर ठेव," ते म्हणाले.

"फोटू काढून धाडायचाय त्येंला."

"आपल्या घरातल्या बायांची तोंडं कागदावर चढवून परमुलखात धाडायची न्हाईत. पलटणीत शंभर हातांतनं फिरंल त्यो कागद."

"त्यातला एक हात तुमच्या लेकाचा आसंल की, मामंजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सून उत्तर देते हे त्यांना नवीन होतं. मलाही नवीन होतं. मी पेटी माळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात भाकरी न्यायच्या पाटीत, फडक्याखाली, ती खाली उतरवून नेली.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. मळा नदीला लागून, निम्मा उसाचा. उसाच्या कडेला खोप होती, तिथे दुपारी मी आणि जाऊबाईच असायचो. जाऊबाई वयानं मोठी, तिचा नवरा म्हणजे माझे थोरले दीर शेत बघायचे. तिला अक्षर येत नव्हतं, पण भीती नावाची गोष्टही येत नव्हती. ती पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि मी कॅमेरा उघडून बसायची.

रोल वाया जाऊ नये म्हणून पहिले कित्येक दिवस मी तो रिकामाच चालवला. खटका दाबला की काचेच्या आतलं पातं उघडून मिटे. त्याचा आवाज चिमणीनं दाणा फोडावा तेवढा. वेग बदलायची चकती होती, तिच्यावरचे आकडे वाढवले की तो आवाज आखूड होई. मागच्या बाजूला एक लहान लाल काचेची खिडकी होती. रोल गुंडाळताना तिच्यात आकडा येईपर्यंत फिरवायचं, आकडा आला की थांबायचं. आठ फोटो, आठ आकडे. आणि वर एक बोटभर आरसा, त्यात खाली मान घालून पाहायचं. त्या आरशात जग उलटं चाले. बांधावरनं उजवीकडे निघालेली म्हैस आरशात डावीकडे जाई. तिला धरायला मी कॅमेरा वळवावा तर ती आणखीच निसटे. जाऊबाई हसून लोटपोट व्हायची.

"म्हशीमागनं पळून दमलीस व्हय?" ती म्हणायची. "म्हैस तर हितंच हाय."

शेवटी मी रोल घातला आणि आठ फोटो काढले. चार पोरीचे, दोन जाऊबाईचे, एक म्हशीचा आणि एक जाऊबाईनं माझा काढलेला.

ते धुवायला सांगलीला न्यायचे होते. माझं माहेर सांगलीत. वडील हळदीच्या पेठेत तोलार होते, आयुष्यभर दुसऱ्याची हळद तोलण्यात त्यांचे हात पिवळे झालेले. आईला बरं नाही असं सांगून मी निघाले. आगगाडीनं मिरज, तिथून सांगली. सांगली तेव्हा संस्थानात होती आणि आमचं गाव इंग्रजांच्या मुलखात, पण हळदीचा वास येऊ लागला की मला माझा मुलूख आला असं वाटे.

पेठेच्या पुढे एक फोटो स्टुडिओ होता. मालक धोतर, कोट आणि टोपीतला, बोलायला नेटका. त्यानं रोल धुवायला घेतला. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यानं ओली फिल्म उजेडासमोर धरून मला दाखवली. एका चित्रात म्हैस आणि माझी मुलगी एकमेकींवर चढलेल्या. बाकीच्यांवर काळे ठिपके, देवी आल्यासारखे. माझा फोटो तर नुसता धूर.

"हे पाहा बाई," तो म्हणाला, "दोन चित्रं एकावर एक आली ती तुमची चूक, रोल फिरवायचा विसरलात. पण हे ठिपके कॅमेऱ्याचे आहेत. भात्याला भोकं पडलीत, उजेड शिरतो. हा कॅमेरा आता भंगार आहे. आणि खरं सांगायचं तर हे बायकांचं कामही नव्हे. ठेवून जा, मी काहीतरी देऊन तुमची सोय करतो."

"भंगार आसंल तर तुमाला कशाला पायजे?" मी विचारलं.

तो नुसता हसला. मी कॅमेरा उचलला. भोकं कुठं आहेत ते मी शोधीन आणि बुजवीन, आणि पुढचा रोल याच माणसाकडून धुवून घेईन, असं मी ठरवलं. दुसरीकडे जायला सांगलीत स्टुडिओ होते. पण मला याच्याच समोर उभं राहायचं होतं.

भोकं मी वडिलांच्या परसात, भर दुपारी शोधली. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, त्याला डोळा लावला, डोक्यावरनं घोंगडं घेतलं आणि कॅमेरा सूर्याकडे धरला. आत काळोख. डोळे सरावल्यावर भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत एकेक चांदणी दिसू लागली. भर उन्हात, घोंगड्याखाली घामानं निथळत, मी चांदण्या बघत बसले होते. आई येऊन म्हणाली, "पोरी, ऊन लागलं का तुला?" मी आतूनच म्हटलं, "आई, सायकलवाल्याकडनं पंक्चरचं सोल्युशन मागून आण."

सोल्युशनमध्ये काजळ कालवलं, काडीच्या टोकानं प्रत्येक चांदणीवर एक थेंब सोडला. जिथं चीर मोठी होती तिथं जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचं ठिगळ. सुकल्यावर पुन्हा घोंगड्यात शिरले. पुरता अंधार होता. अंधार पाहून मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

स्टुडिओवाल्याकडे लढाईमुळे ताजे रोल नव्हते. मुदत उलटलेले होते, ते त्यानं मला दिले. ठिगळं पाहिली, बोटानं चाचपली आणि एवढंच म्हणाला, "अंतर मोजून घेत जा. अंदाजानं धरलेलं अंतर नेहमी चुकतं."

अंतर फुटांत होतं, काचेभोवतीच्या कड्यावर कोरलेलं. गावी परतल्यावर मी बैलांचा एक जुना कासरा घेतला आणि वडिलांच्या मोजपट्टीवरून आणलेल्या मापानं त्याला गाठी मारल्या. कासऱ्याचं एक टोक कॅमेऱ्यापाशी धरायचं आणि तो समोरच्या बाईच्या नाकापर्यंत ताणायचा. कितव्या गाठीवर नाक येतं ते बघायचं आणि कडं तिथं फिरवायचं. जाऊबाई नाकाला कासरा लावून उभी राहायची आणि म्हणायची, "वेसण तेवढी घालायची ऱ्हायलीय."

या खेपेला फोटो आले. पोर तोवर उभी राहू लागली होती. रांगणं हुकलं ते हुकलंच. पण खोपीच्या मेढीला, लाकडी खांबाला, धरून उभी असलेली ती, तिच्या मुठीत चिपाडाचा तुकडा, हनुवटीवर ओघळलेला रस, सगळं त्या कागदावर स्पष्ट आलं होतं. जाऊबाईच्या कपाळावरचं कुंकू मात्र काळंकुट्ट उमटलं. त्या फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही, लाल ते सगळं काळं. जाऊबाई फोटो हातात घेऊन खूप वेळ बघत राहिली. आरसा आमच्या घरात हाताएवढा होता, आपण अख्ख्या कशा दिसतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मी आशी उभी ऱ्हाते?" ती म्हणाली. "लय ताठ उभी ऱ्हाते गं मी."

एक फोटो नवऱ्याकडे गेला. एक जाऊबाईनं नदीवर नेऊन दाखवला. झालं. आमच्या गावातले कितीतरी गडी पलटणीत होते. कुणाचं लग्न होऊन महिना झाला नाही तोच बोलावणं आलेलं, कुणाला न पाहिलेलं पोर. त्यांच्या बाया धुणं घेऊन आमच्या मळ्याच्या उताराला येऊ लागल्या. धुण्याच्या पिळ्यात एक चांगलं लुगडं असायचं. झाडामागं बदलायच्या, केस चापून बसवायच्या, पोराचं नाक पुसायच्या आणि कासऱ्याच्या टोकाला उभ्या राहायच्या. कुठं बघायचं ते कुणालाच कळायचं नाही. जन्मभर परक्यासमोर खाली बघायचं शिकवलेलं. मी म्हणायची, "तुझा नवरा हितं हाय आसं समज." तर एखादी आणखीच खाली बघायची.

मामंजींना कळलं. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी उन्हाळा कडक होता म्हणून घेतलं. मी कॅमेरा पाटीत लपवणं तेव्हापासून सोडून दिलं. खांद्याला अडकवून गल्लीतून जाऊ लागले.

आमच्या पलीकडच्या मळ्यात एक बाई होती. नवरा पलटणीत, सासू अंथरुणाला, घरात दुसरा बाप्या नाही. भावकीतल्यांना तिनं शेत नांगरून द्या म्हणून सांगून पाहिलं. आज येतो, उद्या येतो. तेव्हा तिनं स्वतःच बैल जुंपले. आमच्याकडे बाईनं नांगराला हात लावायचा नाही. लावला तर पाऊस पळतो म्हणतात. ती पहाटे नांगरायची आणि लोक उठायच्या आत औत सोडायची. कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण कुणी पाहिलं नव्हतं.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "माझा फोटू लुगडं नेसून नगं. नांगर धरल्याला काढ. त्येला कळू दे शेत कोण बघतंय."

"लोक बोलतील."

"बोलायला आत्ता तरी काय कमी करत्यात?"

नांगर धरलेला फोटो पहाटेच्या अंधारात येत नाही. ऊन वर आल्यावर काढावा लागतो. तिनं त्या दिवशी औत सोडलं नाही. ऊन चढलं, वाटेनं माणसं जाऊ-येऊ लागली, ती थांबून बघू लागली आणि ही कासोटा घालून, पदर कमरेला खोचून, नांगरटीचं तास, म्हणजे सरळ ओळ, धरून चालतच राहिली. कासरा घेऊन तिच्यामागं पळणं शक्य नव्हतं. मी तासाच्या टोकाला एक ढेकूळ ठेवलं, तिथवरचं अंतर आधी मोजलं आणि बैल ढेकळापाशी आले तेव्हा खटका दाबला. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यांत चांगला फोटो. बैलांच्या नाकातली वाफ नाही दिसत, पण तिच्या मनगटावरच्या शिरा दिसतात.

एक प्रत फील्ड पोस्टानं गेली. दुसरी तिनं देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावली. भावकीतलं कुणीतरी तिच्या सासूला बघायला आलं आणि त्यानं ती पाहिली. संध्याकाळच्या आत मला चावडीवर बोलावणं आलं.

चावडीच्या पायऱ्या बाया चढत नसत. मी खालीच उभी राहिले, पोर कडेवर. वर पाटील, भावकीतले चौघं आणि कोपऱ्यात मान खाली घालून मामंजी. ती नांगरवाली बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पायांना माती तशीच होती.

पाटील म्हणाले, "सूनबाई, तुमी मोठ्या घरच्या. झालं ते झालं. त्या फोटूची मूळ फिल्म आणा. हितं चावडीम्होरं जाळायची. म्हंजी गावावरचा दोष जाईल."

"दोष फोटूचा हाय का नांगरल्याचा?" मी विचारलं.

"दोन्हीचा."

"फोटूत जे हाय ते शेतात हाय, पाटील. मग शेत कवा जाळताय?"

भावकीतला एक जण उठून उभा राहिला. "बाईमाणूस चावडीवर तोंड वर करून बोलतंय," तो म्हणाला. त्याला माझ्या शेजारची म्हणाली, "तूच येतो म्हणाला व्हतास की रं औत घिऊन. दोन उन्हाळं वाट बघितली तुझी." तो खाली बसला.

पाटलांनी मग दुसरी बाजू काढली. बेचाळीसच्या चळवळीपासून आमच्या भागात पोलिसांचा राबता होता, त्याचा धाक घालणं सोपं होतं. "लढाईच्या दिवसात कॅमेरा बाळगायला सरकारची मनाई हाय," ते म्हणाले. "मी तालुक्याला कळवलं तर फौजदार घरात येतील. चालंल?"

"मनाईचा कागुद दावा. मला वाचता येतंय."

"कागद तालुक्याला हाय."

"मग आणवा. तवर कॅमेरा माझ्यापाशी ऱ्हाईल. आन फौजदार आले तर त्यांना म्हणावं, ज्यानं कॅमेरा आणला त्यो तुमच्याच सरकारच्या मोटारी दुरुस्त करतोय."

कागद कधी आला नाही. फौजदारही आले नाहीत. फिल्म मी दिली नाही. पाऊस त्या वर्षी पडायचा तेवढा पडला, त्याबद्दल मात्र कुणी चावडी भरवली नाही.

घरी आल्यावर मामंजी सोप्यात बसले होते. ते मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत. "ह्या घरात आता एक तर त्यो डबा ऱ्हाईल, न्हाईतर तू," ते म्हणाले. "काय ते ठरव."

"बरं," मी म्हटलं.

त्यांना वाटलं असणार, मी डबा आणून पुढ्यात ठेवते. मी ट्रंक भरली. जाऊबाई भाकऱ्या बांधून देताना म्हणाली, "आगं, चार दिसांनी मामंजींचा राग उतरंल."

"माझा उतरला पायजे की."

तिनं माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातला गाठींचा कासरा उचलून माझ्या ट्रंकेत घातला आणि म्हणाली, "मग ह्यो मागं कशाला ठेवतीस?"

सांगलीत वडिलांनी दार उघडलं. मागं-पुढं बघितलं आणि जावई दिसला नाही तेव्हा सगळं समजले. रात्री जेवताना एवढंच बोलले, "पेठेत लोक विचारतील, पोर माहेरी का आली म्हणून."

"सांगा, कॅमेरा घेऊन आलीय."

ते खरोखर तसं सांगू लागले. सुरुवातीला चिडून सांगत, मग सवय झाली, मग त्यातूनच कामं येऊ लागली. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या घरच्या बाया स्टुडिओत जात नसत. परपुरुषासमोर बसायचं कसं? त्या मला घरी बोलावू लागल्या. मी काढायची आणि स्टुडिओवाला धुवून, छापून द्यायचा. तो माझा कॅमेरा विकत मागणं बंद करून आता माझ्याकडे रोल मोजून देऊ लागला होता. बायकांचं हे काम नव्हे, हे त्याचं मत शेवटपर्यंत तसंच राहिलं. काम आवडायचं, मत बदलायचं नाही, अशी माणसं असतात. मी त्याच्याशी वाद घातला नाही. वेळेवर फोटो मागितले.

नांगरवालीच्या नवऱ्याचं उत्तर आलं ते जाऊबाईनं बाजाराला आलेल्या माणसाकरवी मला कळवलं. तो रागावला होता. घराण्याची अब्रू घालवलीस, असं त्यानं लिहिलं. ते ऐकून ती म्हणाली म्हणे, "यिऊ दे. आला की नांगर त्येच्या हातात देते. तवर माझाच."

लढाई संपल्यावर माझा नवरा परत आला. आधी गावी मामंजींना, त्याच्या आबांना, भेटला आणि मग सांगलीला आला. पोर धावत जाऊन आजोबांच्या मागं लपली. तिला तो ओळखू येत नव्हता. त्यानं चहा घेतला, वडिलांशी पीकपाण्याचं बोलला आणि मग मला म्हणाला, "आबा म्हणत्यात, डबा टाकून घरी ये. मागचं काय काढायचं न्हाई."

"आन तुमी काय म्हणता?"

त्यानं कॅमेरा घेतला, उघडला, भाता उजेडाकडे धरून त्याच्या घड्या एकेक करून पाहिल्या.

"हे ठिगाळ कुणी मारलं?"

"मी."

"आमच्या वर्कशॉपात ह्याच्यापेक्षा वाईट मारलेली बघितलीत," तो म्हणाला, आणि त्याच्याकडून स्तुती एवढीच यायची. दुसऱ्या दिवशी तो काम शोधायला बाहेर पडला. सांगलीतल्या एका मोटार-गॅरेजात लागला. गावी आम्ही सणाला जात राहिलो. मामंजी माझ्या हातची भाकरी खात, पण बोलत नसत. ते गेले तेव्हाही आमचं बोलणं झालेलं नव्हतं. मी कॅमेरा टाकला नाही आणि त्यांनी शब्द टाकला नाही. मला त्याचं दुःख झालं. पण तोच दिवस पुन्हा आला असता तर मी तीच ट्रंक भरली असती.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पेठेतल्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नाआधी सगळ्या घराचा फोटो काढायला बोलावलं. चौकात सतरंजी अंथरली होती, मागं खुर्च्या. मी कासरा लावून अंतर घेतलं, पोरांना पुढं बसवलं. आरशात पाहत होते तर कडेची एक पांढऱ्या लुगड्यातली बाई उठून आत जाताना दिसली. आरशात ती उजवीकडे गेली, म्हणजे डावीकडच्या दारात. व्यापाऱ्याची थोरली बहीण होती ती. लहानपणीच नवरा गेलेला आणि सगळं घर तिच्या हातावर उभं राहिलेलं. या घरची कामं मी आधीही केली होती, म्हणून ते मला ठाऊक होतं.

"त्यांना येऊ द्या. मी थांबते," मी म्हटलं.

व्यापारी हळूच म्हणाला, "लग्नाचा फोटो आहे, ताई. शुभकार्यात त्या बसत नाहीत. त्यांचं त्यांनाच कळतं."

"सगळ्या घराचा फोटो म्हणाला होतात तुम्ही."

"हो. सगळ्या घराचाच."

"मग सगळं घर आलेलं नाही अजून."

नवरी मुलगी खाली बघू लागली. व्यापारी भला माणूस होता, मला त्याचा अपमान करायचा नव्हता. पण आरशात ती रिकामी झालेली जागा मला दिसत होती आणि ती वगळून खटका दाबायला माझं बोट तयार नव्हतं.

"तुम्हाला काढायचा नसेल तर आम्ही दुसरा माणूस बोलावू," तो शेवटी म्हणाला.

"बोलवा," मी म्हटलं. भाता मिटला, कासरा गुंडाळला आणि बाहेर पडले. त्यांनी स्टुडिओवाल्याला बोलावलं. तो आला आणि त्यानं काढला. ते घर मला तुटलं आणि त्याच्या नात्यातली आणखी घरंही. नवरा म्हणाला, "फोटू काढायला गेली हुतीस का भांडाय?" मी म्हटलं, "दोन्ही."

लग्न पार पडल्यावर एका सकाळी आमच्या दारात ती पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी. एकटीच आली होती. पेठेतून चालत, उघड्या रस्त्यानं, डोक्यावर पदर घेऊन.

"भावाला सांगून आले," ती म्हणाली. "तो नको म्हणाला. मी म्हटलं, जाते."

मी तिला परसात नेलं. भिंतीवर सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. खुर्ची ठेवली, पण ती बसली नाही. उभीच काढ म्हणाली. मी कासऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि ते नाकाला लावायला सांगितलं, तर तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर काढला.

"हात कुठं ठेवू?"

"तुम्हाला हवे तिथं."

तिनं ते पुढं बांधले, सोडले, मग कमरेवर ठेवले. घरातल्या बायकांना काम सांगताना ठेवत असेल तसे. मी लाल खिडकीत आकडा पाहिला, कडं फिरवलं आणि खाली मान घालून आरशात बघितलं. ती थेट माझ्याकडे बघत होती. मी खटका दाबला.